नेपाळला बांधकामसेवेला जायचंय? मुंबईच्या मंडळीत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारची उपासना संपली की चर्चच्या पायऱ्यांवरच हे प्रश्न सुरू होतात, आणि बोलत बोलत भायखळा स्टेशन आलं तरी संपत नाहीत. आमच्या मंडळीची तुकडी तीन वेळा नेपाळच्या डोंगराळ गावांत जाऊन आली. तिन्ही वेळा मी होतो. विटा वाहताना, माल कालवताना आणि आपल्याच चुका निस्तरताना जे कळलं ते इथे लिहितो आहे. बांधकामाचा भाग आमच्या मंडळीतल्या दोन गवंडीकाकांनी वाचून दुरुस्त केला, बाकीचा पाळकसाहेबांनी.

तिथे जाऊन नेमकं काय काम करायचं असतं?

बिगारीचं. हे आधीच स्पष्ट सांगतो, कारण "बांधकामाला चाललोय" असं घरी मोठ्या अभिमानाने सांगून आलेली मुलं पहिल्या दिवशी वाळू चाळायला बसवल्यावर हिरमुसतात. भिंत रचणार तिथला गवंडी. नेपाळीत त्याला डकर्मी म्हणतात. आपण त्याच्या हाताखाली वाळू चाळायची, विटा भिजत घालायच्या, घमेली पोचवायची, सळईला बाइंडिंग वायर बांधायची, झालेल्या कामावर पाणी मारायचं. शेवटी वेळ उरलाच तर रंग.

आजवर आम्ही शाळेच्या वर्गखोल्या आणि एका गावात सामुदायिक हॉल अशी कामं केली. त्या हॉलमध्ये आठवड्यातून एकदा मंडळी जमते. बाकीचे दिवस तिथे गावाच्या बैठका होतात, लसीकरण होतं, पावसात लग्नाची पंगतही बसते. सगळ्या गावाच्या उपयोगाची इमारत असेल तरच आम्ही होकार देतो.

तिकिटांवर खर्च करण्यापेक्षा तेच पैसे पाठवले तर?

भगिनी मंडळातल्या एका मावशींनी हे भर सभेत विचारलं तेव्हा मला राग आला होता. आज म्हणतो, सगळ्यात आधी हाच प्रश्न विचारायला हवा.

पहिल्या खेपेला आम्ही चौदा जण गेलो. गावात पोचलो त्याच दिवशी साइटवरच्या चार रोजंदारी कामगारांना घरी पाठवलं गेलं, कारण फुकटचे चौदा हात आले होते. आम्हाला हे तिसऱ्या दिवशी कळलं. पाठीवर डोको, म्हणजे बांबूची उंच टोपली, आणि कपाळावर तिचा पट्टा घेऊन दगड वाहणारी एक बाई रोज बांधावर येऊन बसायची. तिने मला विचारलं, तुम्ही परत कधी जाणार? मला वाटलं जिव्हाळ्याने विचारते आहे. तिची मजुरी आमच्यामुळे थांबली होती.

त्यानंतर मंडळीने तीन नियम केले आणि ते मोडत नाही. आपण गेल्यामुळे एकाही माणसाचा रोज बुडता कामा नये. तसं यजमान मंडळीकडून आधी लिहून घेतो. जो येईल त्याने स्वतःच्या प्रवासाला जितका खर्च येतो तितकीच रक्कम बांधकामाला द्यायची. आणि तुकडी बारा जणांहून मोठी करायची नाही, कारण दोन गवंड्यांच्या हाताखाली त्याहून जास्त माणसांना कामच नसतं. ती एकमेकांच्या पायात येतात.

एवढं करूनही कोणी म्हणेल की मला फक्त पैसे द्यायचे आहेत, तर ते दान कमी मोलाचं अजिबात नाही. मावशी स्वतः कधी आल्या नाहीत, पण दुसऱ्या खेपेच्या सिमेंटचा मोठा भाग त्यांच्यामुळे उभा राहिला.

मग जायचंच कशाला? माझ्यापुरतं सांगतो. आमच्या सोसायटीचे वॉचमनदाई (दाई म्हणजे नेपाळीत दादा) नेपाळचे आहेत. तेरा वर्षं मी त्यांच्याकडून पार्सलं घेतली, पण त्यांचं गाव कुठल्या जिल्ह्यात आहे हे विचारलं नव्हतं. परत आल्यावर विचारलं. आम्ही काम केलेल्या गावापासून एका डोंगरापलीकडे निघालं.

नेपाळच का?

२५ एप्रिल २०१५ रोजी दुपारी बाराच्या सुमारास गोरखा जिल्ह्यातल्या बारपाकजवळ केंद्र असलेला ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. सुमारे नऊ हजार माणसं गेली, लाखो घरं पडली. तो शनिवार होता. नेपाळमध्ये शनिवारी साप्ताहिक सुट्टी असते. त्यामुळे शाळा बंद होत्या आणि असंख्य मुलं वाचली. पण तिथल्या मंडळ्यांची उपासनाही शनिवारीच असते. उपासना चालू असतानाच काही ठिकाणी छत खाली आलं.

आपल्याला हे नवं नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत जे झालं ते आमच्या मंडळीतल्या ज्येष्ठांना लख्ख आठवतं. गणपती विसर्जनाची रात्र होती. तिथेही माणसं मेली ती मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींखाली. डोंगराळ नेपाळमधली जुनी घरं तशीच आहेत. गोरखाच्या भूकंपाला वर्षं लोटली, पण २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये पश्चिमेकडच्या जाजरकोटला पुन्हा दीडशेच्या वर माणसं गेली, आणि कारण पुन्हा त्याच भिंती होत्या. म्हणून चांगली बांधलेली एक खोलीसुद्धा तिथे मोलाची असते. ती बघून शेजारचा माणूस स्वतःचं घर कसं बांधायचं ते ठरवतो.

कोणत्या महिन्यात जायचं?

दिवाळी आणि छठ उरकल्यावर, नोव्हेंबरच्या उत्तरार्धात. जून ते सप्टेंबर पावसाळा, दरडी कोसळतात, रस्ते बंद पडतात. ऑक्टोबर हवेच्या दृष्टीने सुरेख, पण तो दसैंचा महिना. नेपाळचा सगळ्यात मोठा सण हाच, आणि त्या दिवसांत गवंडी आपापल्या गावी गेलेले असतात. मागोमाग तिहार, म्हणजे आपली दिवाळी. कॉलेजची मुलं मे महिन्याचा हट्ट धरतात. मेमध्ये दुपारी वादळी पाऊस येतो आणि ताजं काम धुऊन जातं. एकदा आम्ही हे भोगलं आहे.

छठचा मुद्दा मुंबईकराने विशेष लक्षात ठेवावा. त्या आठवड्यात गोरखपूरकडे जाणाऱ्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते.

व्हिसा लागतो का? पासपोर्ट नसेल तर?

भारतीय नागरिकाला नेपाळसाठी व्हिसा लागत नाही. विमानाने जाताना वैध पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र चालतं. आधार कार्ड १५ ते ६५ वयाच्या माणसाला विमानप्रवासात चालत नाही. विमानतळावरून परत फिरावं लागलेले लोक मी पाहिले आहेत.

आमचा आग्रह पासपोर्टचाच. आजारी पडून तातडीने विमानाने परतावं लागलं तर धावाधाव होत नाही, आणि तिथे सिमकार्ड घेतानाही उपयोगी पडतो. ३६ पानी साध्या पासपोर्टचं शुल्क १,५०० रुपये, तत्काळ हवा असेल तर त्यावर आणखी २,०००. लोअर परळ, अंधेरी, मालाड आणि ठाण्याला पासपोर्ट सेवा केंद्रं आहेत. घर बदललं असेल, भाड्याचं असेल किंवा लग्नानंतर नाव बदललं असेल तर पोलीस पडताळणीत वेळ जातो. म्हणून जूनमध्येच अर्ज करा. सरकारी, पालिका किंवा बेस्टमध्ये नोकरीला असाल तर परदेश प्रवासासाठी खात्याची परवानगीही आधी घ्या. नेपाळला व्हिसा नसला तरी तो परदेशच आहे.

प्रवास कसा करतो?

बहुतेक जण रेल्वेने. लोकमान्य टिळक टर्मिनसहून कुशीनगर एक्स्प्रेसने गोरखपूर, साधारण दीड दिवस. तिथून बस किंवा जीपने सुनौली, कमानीखालून चालत सीमा ओलांडायची आणि भैरहवाहून पुढे डोंगरात. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. त्या सकाळी आठच्या आधी आमचे चार जण फोन घेऊन तयार असतात. ज्यांना रजा कमी मिळते ते विमानाने काठमांडूला येतात आणि तिथून गाडीने गाव गाठतात.

घड्याळ सीमेवरच १५ मिनिटं पुढे करा. ऐकायला किरकोळ वाटतं, पण पहिल्या खेपेला आम्ही तीन दिवस रोज पाव तास उशिरा साइटवर पोचत होतो आणि गवंडी काही न बोलता वाट बघत उभे असायचे.

तिथे सुवार्ता सांगता येईल का? पत्रकं, शुभवर्तमानाच्या प्रती नेऊ का?

नाही. एकही नाही. बॅगेच्या तळाशी लपवूनसुद्धा नाही.

नेपाळच्या २०१५ च्या संविधानाने प्रत्येकाला आपला धर्म पाळण्याचा हक्क दिला आहे, पण दुसऱ्याचं धर्मांतर करण्याला मनाई केली आहे. ऑगस्ट २०१८ पासून लागू असलेल्या त्यांच्या मुलुकी अपराध संहितेत धर्मांतर घडवण्याला किंवा त्यासाठी प्रोत्साहन देण्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. परदेशी माणूस असेल तर शिक्षा भोगून झाल्यावर देशाबाहेर काढतात.

तरुण संघातली मुलं म्हणतात, आम्ही घाबरत नाही. ठीक आहे, तुम्ही घाबरू नका. पण तुम्ही बारा दिवसांनी दादरला परत आलेले असता. पोलीस ठाण्यात बोलावलं जातं ते तिथल्या पाळकांना. त्यांची मुलं त्याच गावच्या शाळेत जातात, त्यांना त्याच दुकानातून तांदूळ घ्यायचे असतात. आपल्या दोन मिनिटांच्या उत्साहाची किंमत त्यांनी दोन वर्षं का मोजावी? यजमान मंडळीच्या उपासनेत बसा, गा, प्रार्थना करा, त्यात काहीच अडचण नाही. साइटवर, रस्त्यावर, शाळेत मात्र गळ्यातला क्रूसही शर्टाच्या आत. कोणी आपणहून विचारलं की तुम्ही कोण, का आलात, तर खरं ते सांगायचं: मुंबईहून आलो, ख्रिस्ती आहोत, कामाला हातभार लावायला आलो. त्यापुढचं बोलणं तिथल्या पाळकांवर सोपवा.

मुलांना खाऊ, वह्या, कपडे वाटणंही आम्ही बंद केलं आहे. देणगी आणि धर्म यांची सांगड घातली असा संशय यायला तेवढं पुरतं. द्यायचंच असेल तर शाळेच्या मुख्याध्यापकांच्या हाती, शाळेच्या नावाने.

चर्चच्या ट्रस्टमधून खर्च होतो का?

होत नाही. आपली मंडळी सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली आहे. न्यासाचा पैसा भारताबाहेरच्या कामाला वापरला तर केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या मंजुरीशिवाय त्या रकमेवर आयकराची सूट मिळत नाही. एका सहलीपायी सगळ्या मंडळीच्या हिशेबावर प्रश्न नको. त्यामुळे दानार्पणाच्या थैलीतला एक रुपयाही यात जात नाही. प्रत्येक जण स्वतःचा खर्च स्वतः करतो. ज्याला जमत नाही त्याला इतर सभासद वैयक्तिक मदत करतात, आणि कोणाला कोणी मदत केली हे फक्त खजिनदारांना माहीत असतं.

बांधकामाची रक्कम कशी पाठवायची ते आधी आपापल्या बँकेत विचारून घ्या. नेपाळसाठी नियम इतर देशांपेक्षा वेगळे आहेत. नोटांची पुडकी कमरेला बांधून नेऊ नका.

खर्चाला कोणतं चलन न्यायचं?

आपला रुपया. नेपाळसाठी डॉलर लागत नाहीत आणि बँक देतही नाही. १९९३ पासून दर ठरलेला आहे, आपले १०० म्हणजे त्यांचे १६०. दुकानदार भाव सांगताना "आइसी की एनसी" असं विचारतो, म्हणजे भारतीय रुपये की नेपाळी. हे न कळून आमच्यातल्या एकाने एका टोपीचे दीडपटीहून जास्त पैसे दिले होते. शंभराच्या नोटा जवळ ठेवा. मोठ्या नोटांचे नियम मध्यंतरी बदलत आले आहेत, निघण्याआधी तपासा. मार्च २०२४ पासून शहरांतल्या बऱ्याच दुकानांत आपलं यूपीआय चालू लागलं आहे. डोंगरातल्या चहाच्या टपरीवर त्या भरवशावर राहू नका.

जागा आणि बांधकाम कायदेशीर आहे हे कसं कळणार?

दोन कागद मागायचे, आणि तेही तिकीट काढण्याआधी. पहिला लालपुर्जा, म्हणजे जमिनीच्या मालकीचा दाखला. तो कोणाच्या नावावर आहे ते बघा. संस्थेच्या किंवा शाळेच्या नावावर असेल तर उत्तम. एका माणसाच्या नावावर असेल तर उद्या भावाभावांत वाटणी झाली की हॉल कोणाचा, हा वाद उभा राहतो. दुसरा कागद नक्सा पास, म्हणजे गाउँपालिकेची किंवा नगरपालिकेची बांधकाम परवानगी. कागदांवरच्या तारखा विक्रम संवताच्या असतात, आपल्याहून साधारण ५७ वर्षं पुढच्या. दचकू नका. लिपी देवनागरीच असल्यामुळे थोडं लक्ष देऊन वाचलं की बरंच कळतं. एकदा हे कागद "येतील, येतील" म्हणत आलेच नाहीत, आणि आम्ही ती खेप रद्द केली. वाईट वाटलं. पण पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा रद्द करू.

मी आयुष्यात घमेलं उचललेलं नाही. जमेल का?

जमेल, पण इथे शिकून. ऑगस्टपासून एक रविवार सोडून एका रविवारी उपासनेनंतर चर्चच्या आवारात आमची शाळा भरते. शिकवणारे ते दोन गवंडीकाका. एक मूळचे नगरकडचे, दुसरे जालन्याचे. दोघांनी मुंबईतल्या कितीतरी टॉवरांवर काम केलं आणि राहतात दहा बाय बाराच्या खोलीत. ज्यांच्याशी मंडळीतले बँकवाले, शिक्षक फारसे बोलत नसत, ते आता तीन महिने सगळ्यांचे गुरुजी असतात.

पहिला धडा माल कालवण्याचा. वाळू आणि सिमेंट कोरडंच एकजीव होईपर्यंत उलटंपालटं करायचं, मग बेताने पाणी. नवशिक्या माणसाला पातळ माल आवडतो, कारण फावडं हलकं चालतं. पहिल्या खेपेला आम्ही तसाच केला आणि डकर्मी दाईंनी सहा घमेली बाजूला ओतून टाकायला लावली. जास्तीचं पाणी नंतर उडून जातं आणि मालात बारीक पोकळ्या राहतात. भिंतीची ताकद तिथेच जाते. शिवाय कालवलेला माल अर्ध्या तासाच्या आत लागला पाहिजे. आवळू लागलेल्या मालात पाणी घालून तो पुन्हा जिवंत करता येत नाही. म्हणून एका वेळी थोडाच कालवायचा आणि गवंडी किती वेगाने लावतो आहे त्यावर नजर ठेवायची. बिगाऱ्याचं सगळं कसब या अंदाजात आहे.

दुसरा धडा विटांचा. कोरडी वीट मालातलं पाणी शोषून घेते, म्हणून आधी भिजवायची. तिसरा सळईचा. आकड्याने बाइंडिंग वायर कशी पिळायची, आणि कॉलमच्या रिंगचं, म्हणजे उभ्या सळयांना वेढणाऱ्या कड्याचं, टोक ९० अंशांत नव्हे तर १३५ अंशांत आत का वाकवायचं. भूकंपात कॉलमवरचं काँक्रीट फुटून पडलं की ९० अंशांची रिंग उघडते आणि उभ्या सळया बाहेर फुगतात. १३५ अंशांचा आकडा आतल्या काँक्रीटला धरून राहतो. काका हे सांगताना आपल्या दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून ओढून दाखवतात. आजवर कोणी विसरलेलं नाही.

मग भिंतीची गोष्ट. दगडी भिंत म्हणजे बहुतेकदा दोन पदर आणि मधे भरती. धक्क्यात दोन्ही पदर वेगळे होऊन आत-बाहेर कोसळतात. म्हणून ठरावीक अंतरावर भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड लावायचा आणि जोत्यावर, खिडकीखाली, दारावर, छताखाली भिंतीला सगळीकडून बांधून ठेवणारा पट्टा घालायचा. पेटीला दोरी बांधतो तसा. हे कळलं की पट्ट्याची सळई बांधताना हात आपोआप नीट चालतो.

ओळंबा, गुण्या, लेव्हल पट्टी ही नावं पाठ करून या. थापी हातात मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. मिळालीच तर तो मान समजा.

अंगमेहनतीची तयारी?

निघण्याच्या दोन महिने आधीपासून दहा लिटर पाण्याचा कॅन घेऊन रोज चार मजले चढा-उतरा. रविवारी बोरिवलीच्या नॅशनल पार्कात गेटपासून कान्हेरीपर्यंत चालत जा. सिमेंटची गोणी ५० किलोची असते. ती एकट्याने उचलायची नाही हा आमचा नियम आहे, मग तुम्ही जिमला कितीही जात असा.

कोणत्या लसी, कोणती औषधं?

सहा आठवडे आधी आपल्या डॉक्टरांना भेटा. धनुर्वाताची मात्रा दहा वर्षांत घेतलेली नसेल तर ती सगळ्यात आधी. गंजलेला खिळा ही साइटवरची रोजची गोष्ट आहे. टायफॉइड आणि हेपटायटिस एबद्दल विचारा. रक्तदाब, मधुमेहाच्या गोळ्या पूर्ण दिवसांच्या, वर आठवडाभराच्या जास्त, आणि दोन वेगळ्या बॅगांत. कुत्रं चावलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. "बघू उद्या" नाही.

आमची गावं दोन हजार मीटरच्या खालीच असतात, त्यामुळे उंचीचा त्रास होत नाही. खरा त्रास ओल्या सिमेंटचा. ते तीव्र अल्कली असतं, पण लावताना काहीच जाणवत नाही. दुसऱ्या खेपेला एक मुलगा जीन्सवरच ओल्या काँक्रीटमध्ये गुडघे टेकून दुपारभर काम करत होता. रात्री दोन्ही गुडघ्यांची कातडी निघाली. त्याला उरलेले दिवस कामाला हात लावता आला नाही. रबरी हातमोजे, गमबूट, आणि कपडा भिजला की लगेच धुऊन बदलायचा.

विमा काढायचा का?

काढल्याशिवाय नेत नाही. पण पॉलिसीतली बारीक अक्षरं वाचा. बऱ्याच प्रवास विम्यांत अंगमेहनतीच्या कामात झालेली इजा वगळलेली असते. एजंटला तोंडी विचारू नका, ईमेलवर लेखी उत्तर मागा की स्वयंसेवक म्हणून बांधकामावर काम करताना इजा झाली तर भरपाई मिळेल का.

सामानात काय घ्यायचं?

हेल्मेट आणि सेफ्टी शूज नागदेवी स्ट्रीटला घेतो, एकदमच, म्हणजे भावही बरा मिळतो. हेल्मेटवर आयएस २९२५ आणि बुटांवर आयएस १५२९८ ही खूण बघा. बूट नवेकोरे घालून येऊ नका, महिनाभर वापरून मऊ करा. वाळू चाळताना आणि सिमेंट ओतताना एन९५ मास्क. डोळ्यांना चष्मा. पूर्ण बाह्यांचे जुने सुती शर्ट. आणि गरम कपडे! मुंबईचा माणूस थंडी म्हणजे लोणावळा समजतो. नोव्हेंबरमध्ये डोंगरात दुपारी घाम येतो आणि रात्री हात गारठतात. टॉर्च, पाण्याची बाटली, टॉयलेट पेपर. सूटकेस नको, पाठीवरची सॅक, कारण शेवटचा टप्पा चालत असतो.

बायका येऊ शकतात का? वयाची अट?

येतातच. गेल्या खेपेला बारात पाच होत्या आणि सळईची सगळ्यात नीट बांधणी त्यांच्यातल्या एका शिक्षिकेची होती. कपडे लांब कुर्ता आणि सलवार, ते तिथल्या चालीला धरून आहे. मासिक पाळीचं सामान इथूनच न्या. राहण्याच्या जागी संडास कसा आहे, दाराला आतून कडी आहे का, हे आम्ही आधी फोटो मागवून बघतो. काही घरांत पाळीच्या दिवसांत बाईने स्वयंपाकघरात जायचं नसतं. तो वाद आपण पाहुणे म्हणून काढू नये.

१८ वर्षांखालच्या कोणालाही साइटवर नेत नाही. वरची मर्यादा डॉक्टर सांगतील ती. एकसष्ट वर्षांच्या एका काकांनी परांचीवर न चढता सगळ्या सामानाची नोंदवही ठेवली. त्या वहीमुळे हिशेबात एका गोणीचाही फरक आला नाही.

जेवणाचं काय?

सकाळी दहाच्या सुमारास आणि संध्याकाळी, दोन वेळा डाळ-भात-तरकारी. मधे चहा आणि काहीतरी चिवडामुरमुरा. मुंबईच्या एकच्या डब्याची सवय मोडायला दोन दिवस लागतात. मागायचं तेवढंच मागा आणि पुरे झालं की "पुग्यो" म्हणा, नाहीतर वाढत राहतात. गाय तिथला राष्ट्रीय प्राणी आहे आणि गोवध गुन्हा आहे. त्याविषयी थट्टासुद्धा करू नका. दारू, तंबाखू, गुटखा पूर्ण बंद. पाणी उकळलेलंच.

भाषा येत नाही.

हिंदी बऱ्याच जणांना कळते. तरी थोडे शब्द पाठ करा: बिस्तारै म्हणजे हळू, पर्खनुस् म्हणजे थांबा, माथि वर, तल खाली, दुख्यो म्हणजे दुखलं. साइटवर हे जीव वाचवणारे शब्द आहेत. ढुंगा म्हणजे दगड, बालुवा म्हणजे वाळू. मोठ्यांना दाइ, दिदी म्हणा आणि "तपाईं" म्हणूनच बोला. मंडळीत आपण सलाम म्हणतो तसं ते "जय मसीह" म्हणतात.

फोटो काढू का?

कामाच्या वेळेत फोन पिशवीत. मुलांचे फोटो पालकांना विचारल्याशिवाय नाहीत. आणि कुठल्याही गावकऱ्याचा फोटो उपासनेचा किंवा बाप्तिस्म्याचा वाटेल अशा मजकुरासह टाकायचा नाही. कारण वर सांगितलं आहे.

आपण निघेपर्यंत इमारत पुरी होते का?

होत नाही, आणि हे अनेकांना जड जातं. बायबलमधल्या नहेम्याने ५२ दिवसांत यरुशलेमचा कोट पुरा केला, पण तिथे सगळं शहर आपापल्या घरासमोर राबत होतं. आपल्याकडे कामाचे आठ-नऊच दिवस असतात. गेल्या खेपेला आम्ही दारावरचा पट्टा ओतला आणि दुसऱ्या दिवशी निघालो. काँक्रीट निदान सात दिवस सतत ओलं ठेवावं लागतं. थंडीत ते ताकद धरायला आणखी वेळ घेतं. म्हणजे आम्ही ओतलेल्या पट्ट्यावर पाणी मारलं ते गावाने. पोती अंथरून, सकाळ-संध्याकाळ, झऱ्यावरून हंडे आणून. डोको घेऊन बांधावर बसणारी ती बाई याच गावातली, आणि या वेळी तिचा रोज चालू होता. पुढची भिंत आणि पत्र्याचं छत डकर्मी दाईंनी फेब्रुवारीत पुरं केलं. त्यांनी पाठवलेला फोटो आम्ही उपासनेनंतर दाखवला. पहिल्या रांगेत बसून गवंडीकाकांनी फोन हातात घेतला, फोटो मोठा केला आणि कोपऱ्यातला सांधा बघितला. "सरळ आहे," म्हणाले.

नाव कोणाकडे आणि कधीपर्यंत द्यायचं?

तुकडीच्या चिटणीसांकडे, जुलैच्या शेवटच्या रविवारपर्यंत. सोबत पासपोर्टची किंवा अर्जाच्या पावतीची प्रत, डॉक्टरांचा दाखला आणि घरच्या एका माणसाचा फोन नंबर. नाव दिलं म्हणजे निवड झाली असं नाही. ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या सहा वर्गांपैकी निदान पाच वर्गांना हजर राहिलेल्यांतूनच तुकडी ठरते. पहिल्या वर्गाला जुने कपडे घालून या, त्या दिवशी वाळू चाळायची आहे.